छोट्या पंखाचा फ्लॅप: पहिले दहा अंश आणि बिजागरीची फट

फोमच्या मॉडेल विमानाला मोठ्या विमानासारखा 40 अंश फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा खाली वळणारा भाग) दिला की लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, तशीच वाढेल, हे गणित छोट्या पंखाला लागू पडत नाही. पुढून मागे 18 सेंमी रुंद पंख सेकंदाला 8 मीटर वेगाने उडतो, तेव्हा 20 अंश तापमानाला रेनॉल्ड्स नंबर (पंखाची रुंदी, वेग आणि हवेचा चिकटपणा यांतून निघणारा आकडा) साधारण 95 हजार असतो. भुसावळच्या मे महिन्यात, 44 अंशांना, तोच 83 हजारांच्या आसपास येतो. हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ होते, स्टॉलचा वेगही (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाही) चारेक टक्क्यांनी वाढतो. म्हणून खानदेशात उन्हाळ्यात सकाळी लवकरच उडवावं. दुपारच्या वावटळी तर वेगळ्याच.

एवढ्या कमी नंबरला पंखालगतचा हवेचा थर लॅमिनार, म्हणजे न घुसळता सरळ वाहणारा असतो आणि पंखापासून चटकन सुटतो. फ्लॅप खाली गेला की बिजागरीवर, पंखाच्या वरच्या बाजूला मोड पडतो. 5 ते 10 अंशांपर्यंत थर हा मोड सहसा पेलतो आणि लिफ्ट छान वाढते. 15-20 च्या पुढे तो बहुधा तिथेच सुटतो. मग लिफ्ट फारशी वाढत नाही, ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा विरोध, मात्र वाढतच जातो. वावरात उतरताना तो ड्रॅग कामाचा, टेकऑफला घातक. फ्लॅप 4.5 सेंमी रुंद असेल तर 10 अंश म्हणजे मागची कड 8 मिमी खाली. हे पट्टीनेच मोजा, ट्रान्समीटरवर (हातातल्या रिमोटवर) दिसणाऱ्या टक्क्यांवर विसंबू नका.

पंख आणि फ्लॅप यांच्यामध्ये बिजागरीपाशी फट तर मुळीच ठेवू नका. मोठ्या विमानातली फट मुद्दाम घडवलेली असते. आपली 1 मिमीची फट खालची हवा नुसती वर गळू देते. फोमशीटला खालून 45 अंशांचा तिरपा काप द्या आणि वरून पूर्ण लांबीभर टेप लावा, बिजागरी आपोआप सील होते. पिनच्या बिजागऱ्या असतील तर फ्लॅप पूर्ण वर उचलून खालून टेप लावा, नाहीतर तो अडकतो.

थर सुटतोय का, हे पाहायला बिजागरीच्या पुढे-मागे शिवणाच्या दोऱ्याचे 3 सेंमीचे तुकडे चिकटवा. पंख्यासमोर धरू नका, ती हवा आधीच घुसळलेली असते. वारा पडलेला असताना, रिकाम्या रस्त्यावर, मोटारसायकलवर मागे बसून ताशी 30 किमीला पंख बाजूला धरा. फ्लॅपवरचे दोरे उलटे फिरले, तर कोन कमी करा किंवा पंखाच्या वरच्या बाजूला, पुढच्या कडेपासून रुंदीच्या 20-25 टक्क्यांवर अर्धा मिमी जाड दोरा पंखाच्या लांबीभर आडवा चिकटवून पुन्हा बघा; तो थर घुसळतो, मग थर उशिरा सुटतो.