सारांश

सोमवार, 23 सप्टेंबर 2024

काल बाबांचे श्राद्ध झाले. गुरुजी गेल्यावर मुलुंडच्या घरात पंधरा-सोळा माणसे जेवायला बसली आणि खीर-वडे संपत आले असताना मामांनी बाबांची एक जुनी हकिगत काढली. ती चांगली दहा मिनिटे रंगली. सगळे पोट धरून हसले आणि शेवटी मामींनी पदराने डोळे पुसले. समोर बसलेला दादा एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नजर फिरवत होता. त्याने भुवया उंचावून विचारले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे ओठ नीट हलवून उत्तर दिले, ‘‘काही नाही रे, बाबांची आठवण काढली. नंतर सांगते.’’

हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवले असेल याचा आज दिवसभर विचार करत होते. ‘ऐकवले’ हा शब्द चुकीचा आहे, पण असो. बारशी, लग्ने, आईचे आजारपण, जमिनीचा वाद, सगळ्या प्रसंगी दादा आणि घर यांच्यामध्ये मीच उभी होते आणि दहा मिनिटांचे बोलणे मी दहा शब्दांत उरकत आले. त्याच्यापर्यंत निर्णय पोहोचले. त्यामागची भांडणे, थट्टा, कोण कोणाला काय टोचून बोलले, यातले काहीही पोहोचले नाही. माझा भाऊ 58 वर्षांचा आहे आणि आपल्याच घराची त्याला जी माहिती आहे ती माझ्या सारांशापुरती आहे.

दादा जन्मतः बहिरा आहे. कागदोपत्री पूर्वी त्याला ‘मूकबधिर’ म्हणत, आता ‘कर्णबधिर’ म्हणतात. तो स्वतः ‘बहिरा’ असे लिहितो आणि ‘मूक’ शब्द दिसला की हसतो. त्याचे हसणे रास्त आहे, कारण त्याच्याइतका गप्पिष्ट माणूस आमच्या घराण्यात दुसरा नाही. मला मात्र हे दोन वर्षांपूर्वी कळले. दादरच्या पुलावरून उतरताना लोकलच्या दिव्यांग डब्याच्या दारात तो उभा दिसला. पलीकडच्या फलाटावर त्याचा एक मित्र होता, मध्ये रूळ होते, माणसांचा लोंढा होता, उद्घोषणांचा गोंगाट होता, आणि त्या दोघांचे संभाषण मात्र निवांत चालले होते. माझ्या शेजारचा गृहस्थ फोनवर ‘‘हॅलो, आवाज येत नाही’’ म्हणून ओरडत होता. दादाचे खांदे, भुवया, गाल, सगळे बोलत होते. घरी जेवणाच्या पानावर मान खाली घालून बसणारा माणूस तो हाच, यावर माझा विश्वास बसेना.

घरी तो तसा का नव्हता, याचे उत्तर जुने आहे. 1880 मध्ये मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षणाच्या परिषदेने, जिथे जवळजवळ सगळे प्रतिनिधी ऐकू येणारेच होते, हातांच्या खुणांपेक्षा तोंडी बोलणे श्रेष्ठ असा ठराव केला. 2010 मध्ये व्हँकूव्हर येथील परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला खरा, परंतु दादाची शाळा 1970 च्या दशकातली. हात हलवले तर मूल बोलायला शिकणार नाही, असे तिथल्या बाईंनी बाबांना बजावले आणि बाबांनी घरात खुणांना बंदी केली. मग उरले ओठ वाचणे. ‘बाबा’, ‘मामा’ आणि ‘पापा’ हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहिले, तर त्यांत काहीच फरक दिसत नाही. काल मामा बाबांविषयी बोलत होते. दादाला नेमके काय दिसले असेल?

पुलावरच्या त्या संध्याकाळनंतर मी भारतीय सांकेतिक भाषा शिकू लागले. तिच्यात ‘काय’, ‘कोण’, ‘कुठे’ हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात आणि माझे हात अजूनही मराठीच्या क्रमाने चालतात. तिचा कोशही उशिराच आला. 2018 मध्ये 3,000 शब्दांचा आणि 2021 पर्यंत 10,000 शब्दांचा. आज आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असल्याने कचेरीच्या ग्रुपवर गुलाबाच्या चित्रासह शुभेच्छा आल्या. मी उत्तर दिले नाही.

काल रात्री भांडी आवरल्यावर मी दादाला ट्यूबलाइटखाली बसवले आणि मामांची हकिगत पहिल्यापासून सांगितली. शाळेच्या क्रीडादिनाला बाबा अर्धी रजा टाकून गेले होते. फाटकातून पाहतात तो इमारतीच्या मागे दादा तीन मुलांशी दोन्ही हातांनी बोलत होता आणि त्यातला एक हसून हसून जमिनीवर बसला होता. आत गेले असते तर रागवावे लागले असते. म्हणून बाबा इराण्याकडे जाऊन तासभर चहा आणि ब्रून मस्का घेत बसले आणि घरी येऊन आईला म्हणाले, रजाच मिळाली नाही. मला हे सांगायला अर्धा तास लागला, ‘फाटक’ दोनदा चुकले, ‘रागवावे लागले असते’ हे तर कसे सांगावे तेच कळेना.

दादाने सगळे शांतपणे पाहून घेतले आणि सांगितले, ‘मला माहीत आहे. मी बाबांना पाहिले होते.’

त्या दिवशी पाऊस नसतानाही बाबांच्या काखेत छत्री होती, हे मामांना ठाऊक नव्हते. मुले कशाला हसत होती, हेही नाही. दादा बाबांचीच नक्कल करत होता: एक कोपर अंगाशी दाबून, मान किंचित पुढे काढून, घाईघाईने स्टेशनाकडे निघालेला माणूस. त्याच्या शाळेच्या मित्रांमध्ये बाबांचे नाव म्हणून आजही हीच खूण चालते. मी ती करून पाहिली. कोपर आणखी घट्ट हवे, असे म्हणून दादाने माझा हात धरून तो अंगाशी दाबला.