माणशी दर, दोघांत एक खोली

सहलीचा दर काढायची आमच्या धंद्यातली रीत ठरलेली आहे. गाडीचं भाडं, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग हे सगळं माणसांवर भागायचं, खोलीचं भाडं दोनानं भागायचं आणि वर आपलं काय ते लावायचं. पत्रकात 'माणशी' म्हणून छापलेला आकडा दोघांत एक खोली धरूनच असतो. एकटा प्रवासी आला की त्याला सांगायचं, कुणाबरोबर तरी राहा, नाहीतर अख्ख्या खोलीचे पैसे भरा. सांगलीत मारुती चौकाजवळ माझं छोटं ऑफिस आहे. कोरोनाआधी असा एकटा माणूस क्वचित यायचा, त्यामुळे या हिशोबावर वाद व्हायची वेळच येत नव्हती.

कोरोनानंतर प्रवास बदलला हे सगळेच म्हणतात, आणि ते खरं आहे. पूर्वी मे महिन्याच्या सहलीचं बुकिंग जानेवारीत व्हायचं, आता गुरुवारी रात्री फोन येतो आणि शनिवारी पहाटे माणसं आपापल्या गाडीनं मालवणच्या रस्त्याला लागलेली असतात. आचारी आणि गॅसची शेगडी घेऊन निघणाऱ्या काशीयात्रेच्या मोठ्या बसला पंचवीस माणसं जमवताना नाकी नऊ येतात, पण बारा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर रिकामी मिळत नाही. आधी लोक विचारायचे, जेवण कसं आहे? आता पहिला प्रश्न, रद्द झालं तर? प्रवास विमा घ्या म्हणून आम्ही मागं लागायचो, आता गिऱ्हाईक स्वतःहून मागतं. या सगळ्यावर बोललं जातं, लिहिलंही जातं. पण माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत मला दिसलेला सगळ्यात मोठा बदल वेगळाच आहे. साठीच्या पुढच्या, एकट्या बायका. त्यांच्याबद्दल कुणी बोलताना मला दिसत नाही, म्हणून 2022 च्या सप्टेंबरातला तो दिवस लिहून ठेवतोय.

त्याआधी थोडं मागं जायला हवं. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि आमचं ऑफिस पाण्यात गेलं. त्यातून सावरून जानेवारी 2020 मध्ये उन्हाळ्याची बुकिंगं घेतली. त्यात एक शिक्षक जोडपं होतं. दोघंही माझ्या शाळेतले, सर गणिताचे, बाई भूगोलाच्या. सरांना अंदमानला जाऊन सेल्युलर जेल बघायचं होतं. 10 मेची विमानाची तिकिटं काढली. मार्चअखेर देश बंद झाला.

त्यानंतर वर्षभर मी सहली विकल्या नाहीत, लोकांचे अडकलेले पैसे सोडवत बसलो. विमान कंपन्या रोख परत द्यायला तयार नव्हत्या, 'क्रेडिट शेल' देत होत्या, म्हणजे पैसे त्यांच्याकडेच आणि पुढं कधीतरी त्यातून तिकीट काढा. शेवटी 1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. अडचणीतल्या कंपनीनं क्रेडिट शेल दिलं तरी ते 31 मार्च 2021 पर्यंतच, प्रवाशाला ते दुसऱ्याच्या नावे करता येईल, आणि मुदतीत वापरलं नाही तर पैसे परत. एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर परतावाही एजंटामार्फतच. त्या आदेशाची प्रिंट कितीतरी महिने माझ्या टेबलावर होती. सरांचे विमानाचे पैसे मिळाले, चेक मी घरी नेऊन दिला. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलनं मात्र रोख दिली नाही, दोघांच्या नावाची क्रेडिट नोट पाठवली, म्हणजे पुढं कधी राहायला आलात तर तेवढे पैसे बिलातून वजा करू असं लिहिलेला कागद. एप्रिल 2021 च्या अखेरीस सर गेले.

तर सप्टेंबर 2022. गणपती होऊन गेले होते. सकाळी अकराच्या सुमारास बाई आल्या. हातात क्रेडिट नोट आणि वहीचा एक कागद.

"बाई, बसा. अंदमानचं बघायचं का?"

"अंदमान सरांचं होतं रे. मला मेघालयला जायचंय. मौसिनरामला."

मग कारण सांगितलं. त्यांची पहिली नोकरी आटपाडीकडच्या शाळेत. गावाला टँकर यायचा, आणि बाई वर्गात शिकवायच्या की जगात सर्वांत जास्त पाऊस मौसिनरामला पडतो, वर्षाला जवळजवळ 12 हजार मिलिमीटर. पोरं विचारायची, बाई, तुम्ही बघितलाय का? निवृत्त होईपर्यंत त्या हे शिकवत राहिल्या, आणि बघितलेलं नव्हतं.

मी आमच्याकडचं तयार कॉस्टिंग काढलं. गुवाहाटीपासून गुवाहाटीपर्यंत, सहा रात्री. बाईंनी चष्मा लावून पेन्सिलीनं एकेक रकाना तपासला आणि एका ओळीवर थांबल्या. खोली 3,000, त्यात सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दोघांत माणशी 1,500. एकट्याला 3,000.

"या तीन हजारांत जेवणं किती जणांची?"

"दोघांची."

"मग दुसऱ्याचं जेवण कोण जेवणार आहे?"

मी तिथल्या तिथं गुवाहाटीच्या माणसाला फोन लावला. आमच्या गाड्या आणि हॉटेलं तोच बघतो. त्यानं हॉटेलला विचारलं आणि अर्ध्या तासात कळवलं, एकट्याचा दर 2,400 आहे. मागितला की मिळतो, कुणी मागत नाही. रात्रीला 600 वाचले, सहा रात्रींचे 3,600. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या बाईसाठी ही रक्कम लहान नाही.

कुणाबरोबर तरी खोलीत राहा, हा पर्याय मी सुचवलाच नव्हता. तो त्यांनीच काढला आणि त्यांनीच बाजूला ठेवला. "सरांशिवाय कुणाबरोबर एका खोलीत राहिले नाही. झोप लागली नाही की उठून दिवा लावते, वाचत बसते. अनोळखी बाईला त्याचा त्रास कशाला?"

गाडीच्या भाड्याचा प्रश्न मात्र कुठल्याही फोननं सुटणारा नव्हता. गाडी एकटीला लागो की सहाजणींना, भाडं तेच. बाईंनी पर्समधून फोन काढला. आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणींना माझ्यासमोरच फोन सुरू झाले. दुपारी दोनपर्यंत सहाजणी ठरल्या. दोघी सख्ख्या जावा, त्यांना एक खोली. बाकी चौघींना स्वतंत्र. चौघींपैकी एकीनं लग्न केलेलं नाही. उरलेल्या तिघींचे नवरे 2020 आणि 2021 या दोन वर्षांत गेलेले. ही नावं लिहून घेताना माझा हात थांबला होता. आमचा अख्खा धंदा दोनानं भागून चालतो आणि समोरच्या यादीत दोनाची एकच जोडी होती, तीही जावांची.

तीनच्या सुमाराला बाईंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. आवाज चढलेला. "तुम्ही आईला एवढ्या लांब पाठवताय. तिकडं उंचावर ऑक्सिजन कमी पडला तर काय करणार?" मला त्याच्याशी वाद घालवेना. वडिलांना बेड मिळावा म्हणून मिरज, सांगली, कोल्हापूर सगळीकडं रात्रभर फोन लावत बसलेला मुलगा होता तो. शिलाँग साधारण 1,500 मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडंच उंच, असं मी सांगितलं. शिलाँगला नेग्रिम्स हे केंद्र सरकारचं मोठं रुग्णालय आहे, ड्रायव्हरचा नंबर आणि हॉटेलांचे पत्ते तुम्हाला आजच पाठवतो, हेही सांगितलं. तो म्हणाला, त्यापेक्षा आई माझ्याकडंच येऊ दे महिनाभर.

बाईंनी हात पुढं केला. मी फोन दिला.

"तुझ्याकडं मी राहायला येतेच रे. हे फिरायला जाणं वेगळं. आधी बाबा रिटायर झाल्यावर जाऊ म्हणायचे, मग तुझं लग्न झाल्यावर, मग पिल्लूचं बारसं झाल्यावर. निघालो तेव्हा देश बंद झाला. आता मी कशासाठी थांबू, ते सांग."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्यानं विम्याचे पैसे मी भरतो एवढंच सांगितलं. बाई हो म्हणाल्या.

क्रेडिट नोटेचं कामही त्याच आठवड्यात झालं. तासगावचं एक नवं जोडपं डिसेंबरात अंदमानला निघालं होतं, त्यांच्या नावानं ती करून घेतली आणि बाईंना रोख पैसे दिले. हॉटेल आधी नाव बदलायला तयार नव्हतं. मृत्यूचा दाखला पाठवल्यावर तयार झालं.

नोव्हेंबरात सहाजणी जाऊन आल्या. मौसिनरामहून बाईंचा फोन आला होता. पाऊस नव्हताच, तो जून ते सप्टेंबरचा. ओल्या वाळवंटासारखी गत आहे इथं, म्हणाल्या. सगळं पाणी डोंगरावरून खाली बांगलादेशात निघून जातं आणि थंडीच्या दिवसांत बायका पाण्यासाठी लांब चालतात. "आटपाडीला मी हे शिकवायला हवं होतं," असं म्हणून त्या पुढं पाच-सात मिनिटं जमिनीच्या उताराबद्दल आणि चुनखडीबद्दल बोलत होत्या. मी सातवीतल्यासारखा ऐकत होतो.

मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमराईतल्या या गटानं नरसोबावाडी, औदुंबर, पंढरपूर असं आपलं आपणच फिरायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांना माझी गरज नाही, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. लांबच्या सहलीला मात्र त्या येतात, आणि त्यांच्या ओळखीनं मिरज, जयसिंगपूरहूनही एकेकट्या बायका येतात. अलीकडं पुरुषही येऊ लागलेत, पण ते बोलायला वेळ घेतात.

आता आमच्या पत्रकात एकट्या प्रवाशाचा दर स्वतंत्र रकान्यात असतो, आणि प्रत्येक हॉटेलशी ठरवतानाच आम्ही तो मागून घेतो. बरीच हॉटेलं देतात. पचमढीचं एक हॉटेल अजून अडून बसलंय, म्हणतं खोली ती खोली. फेब्रुवारीची तुकडी तिथं न्यायची आहे, त्यातल्या पाचजणी एकट्या आहेत, त्यामुळे दुसरीकडं चौकशी सुरू केली आहे.