एका टाकीत दोन जातींची कासवं ठेवण्याआधी

1991 साली मॉरेमिस आयव्हर्सोनी नावाची चिनी कासवाची नवी जात जाहीर झाली. दहा वर्षांनी डीएनए तपासला, तेव्हा कळलं की ही जात नव्हेच; मॉरेमिस म्युटिका आणि तीन पट्ट्यांचं क्युओरा ट्रायफॅसिआटा यांचा तो संकर. नमुने बाजारातले होते आणि ते कुठून आले हे विक्रेत्यानं सांगितलं तसं मानलं गेलं. ऑकेडिया फिलिपेनी आणि क्युओरा सेराटा या 'जातीं'चंही असंच झालं. तीन पट्ट्यांच्या कासवाला चीनमध्ये औषधासाठी प्रचंड भाव आहे, म्हणून कासवांच्या फार्मवर त्याचे संकर निघत राहिले.

दोन वेगळ्या जातींत, एवढंच काय दोन वेगळ्या वंशांतही (जवळच्या जातींच्या गटांतही) हे जमतं, कारण वर आलेली कासवं ज्या जिओएमिडिडी कुळातली आहेत त्यातल्या बहुतेकांची गुणसूत्रं 52 असतात. पिल्लं पुष्कळदा वांझही नसतात. जपानमध्ये तिथलं मूळचं मॉरेमिस जापोनिका आणि बाहेरून आलेलं रीव्ह्जचं कासव यांच्या संकराला 'उनक्यू' म्हणतात. जापोनिकाच्या पाठीवर एक कणा (कवचावरचा लांब उंचवटा) आणि मागची कड करवतीसारखी. रीव्ह्जच्या पाठीवर तीन कणे. पहिल्या पिढीत दोन्हींच्या मधलं रूप दिसतं. पण हा संकर परत जापोनिकाशी जुळला की पुढच्या पिढ्या नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड. इथेच मूळ जातीचं खरं नुकसान होतं.

आपल्याकडे घरोघरी असतात ते लाल कानाचे स्लायडर. पिवळ्या पोटाचा स्लायडर ही त्याच जातीची दुसरी उपजात, त्यामुळे दोघं एका टाकीत ठेवलेत की मिश्र पिल्लं ठरलेलीच. नर साधारण 10 सेंमीचा झाला की वयात येतो. पुढच्या पायांची लांब नखं ही त्याची खूण. मादीला बराच जास्त वेळ लागतो. म्हणून नखं दिसू लागताच नर वेगळा करा. (देशी कासवं पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा तो प्रयोग नकोच.)

सगळ्यात मोठी चूक होते ती याच्यापुढे. नर हलवला की प्रश्न मिटला असं लोक धरून चालतात. मादी वीर्य साठवून ठेवते. अमेरिकेतल्या डायमंडबॅक टेरापिन या कासवावरच्या जुन्या प्रयोगात एकट्या ठेवलेल्या माद्यांनी चौथ्या वर्षीही थोडी फलित अंडी घातली होती. शिवाय एकाच घरट्यातल्या अंड्यांचे बाप वेगवेगळे असू शकतात. म्हणून नवा नर सोडला तरी पुढची निदान चार वर्षं त्या मादीची अंडी 'शुद्ध' म्हणून उबवू नका. नको असलेली अंडी घातल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाका. गर्भ वाढू लागल्यावर ते करू नये.

खात्रीच्या जोडीची अंडी उबवायची असतील तर वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करा आणि पहिल्या दिवसानंतर अंडं फिरवू नका. व्हर्मिक्युलाइट (अंडी ज्यात ठेवतात ते ओल धरणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनानं सारखं घ्या. तापमान 28 ते 29 अंश ठेवा. 31 च्या वर स्लायडरच्या जवळपास सगळ्या माद्याच निघतात. प्रत्येक पिल्लाच्या पोटाकडच्या कवचाचा फोटो, आईबापांचे क्रमांक आणि अंडी घातल्याची तारीख एकाच वहीत ठेवा. नुसता मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासून घेतलात तर फक्त आईची बाजू कळते. बाप कोण हे पाहायला पेशीकेंद्रातला डीएनएही तपासावा लागतो.