परळहून प्रभादेवी, व्हाया कुठूनही

आज आत्याला परळच्या दवाखान्यातून प्रभादेवीला घरी सोडायचं होतं. रेल्वेरुळांवरून परळ-प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल होता तेव्हा पाच मिनिटांचं काम. आज टॅक्सीवाला आधीच म्हणाला, "साहेब, करी रोडनं जाऊ की टिळक पुलावरनं, दोन्हीकडे बोंबच आहे."

पाऊण तास लागला. आत्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट धरून शांत बसली होती. मग एकदम म्हणाली, "एप्रिलमध्ये आम्ही रस्त्यावर बसलो म्हणून तेव्हा थांबलं बाबा."

खरंय. एप्रिल २०२५ मध्ये पूल बंद होणार होता, पण आजूबाजूच्या चाळीतली माणसं 'आधी आमच्या घरांचं बोला' म्हणत उतरली. शेवटी सप्टेंबरमध्ये बंद झालाच. आता तिथे दुमजली पूल येणार. वरून शिवडी-वरळी उन्नत रस्त्यावरच्या गाड्या सुसाट अटल सेतूकडे, खालून आपण.

पूल जुना, पाडायलाच हवा होता, याबद्दल माझं दुमत नाही. पण हरकती-सूचना मागवायच्या त्या वाहतूक वळवण्याबद्दल, नकाशा मात्र आधीच पक्का! आत्याने तेव्हा अर्ज लिहिला होता. पोचपावती अजून देव्हाऱ्यातल्या डब्यात, रेशनकार्डासोबत ठेवलीय.