किती मारलास बे?

बेळगावात पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडे गेलं की दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक चालणारी, दुसरी जमिनीवर पालथी पडून पुश-अप मारत घाम गाळणारी. दुसऱ्यांत भरतीची तयारी करणारी पोरं जास्त. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून ज्या गावात आहे, तिथं हे ओघानंच आलं. त्यांचा एकमेकांना एकच प्रश्न, "किती मारलास बे?" कसे मारलास, हे कुणीच विचारत नाही.

हात लांब टाकले की छाती रुंद होते, अशी समजूत गल्लोगल्ली आहे. रुंद हातांनी छाती जमिनीला टेकवायचं अंतर कमी होतं, म्हणून आकडा फुगतो, एवढंच. कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूतल्या विजेची मोजणी केली, तर तळहात छातीखाली जवळजवळ घेतल्यावर दंडामागचा ट्रायसेप्स जास्त राबताना दिसतो. तो तर राबणारच. पण छातीचा मोठा स्नायूही रुंद हातांपेक्षा जास्तच कामाला लागतो. फक्त अगदी अंगठ्याला अंगठा भिडवून रोज मारू नये, मनगट आणि कोपर कुरकुरतात.

एरवी तळहात खांद्यांपेक्षा थोडे बाहेर, बोटं पुढं, आणि खाली जाताना कोपर अंगापासून साधारण ४५ अंशांवर. कोपर सरळ बाजूला फेकले की खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचतं. मग पोरं खांद्याला बाम चोळतात, कोपर मात्र तिथंच.

हातापायांच्या उंचीची गंमत याहून मोठी. साध्या पुश-अपमध्ये हातांवर वजनाच्या साधारण ६४ टक्के भार येतो. ६० किलोच्या पोराला ३८ किलो. हात ६० सेंटिमीटरच्या कट्ट्यावर ठेवले की हा भार ४१ टक्क्यांवर उतरतो. उलट पाय त्याच कट्ट्यावर चढवले की ७४ टक्के, आणि छातीच्या वरच्या भागाला व खांद्याला जास्त काम. गुडघे टेकून ४९ टक्के. म्हणजे नवख्यानं गुडघ्यांची लाज बाळगायचं कारण नाही. सुरुवात कट्ट्यावर हात ठेवूनच करावी आणि महिन्या-महिन्यानं उंची कमी करत जावी.

तालमीतला जोर मात्र या हिशेबात धरू नये. त्यात कंबर वर, मग छाती हातांच्या मधून खाली आणि पुढं, मग पाठ कमानीत. भार खांद्यावरून छातीवर सरकत जातो. पहिलवानांना तेच हवं असतं. पन्नास जोर आणि पन्नास पुश-अप यांची तुलना करणाऱ्यानं आधी पाच जोर मारून बघावेत.

सगळ्यांत दुर्लक्षित भाग शेवटच्या दोन इंचांत आहे. वर आल्यावर कोपर सरळ ठेवून पाठीचे फरे एकमेकांपासून दूर ढकलायचे, म्हणजे पाठ किंचित गोल होते. बरगड्यांना चिकटलेला सेरेटस हा स्नायू इथंच जागा होतो. तो दुबळा राहिला की फरा पंखासारखा बाहेर येतो. घाईत असणारे नेमकं हेच वगळतात.

आणि मोजणी कधी थांबवायची? छाती थकण्याआधी बहुतेकांचं पोट थकतं आणि कंबर खाली लोंबायला लागते. त्यानंतरचे सगळे कमरेच्या मणक्यावर जातात, छातीवर नाही. तिथं थांबावं, मग आकडा कितीही असो.