ओलीवरचा शाळू: जिरायत रानाचा माझा अनुभव

शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायची सप्टेंबरात, पण तिचं पाणी जुलैतच साठवून ठेवावं लागतं. पुणे जिल्ह्यातला सुपे-मोरगावचा जिरायत पट्टा घ्या, शिरूर घ्या, पुरंदरचा पूर्व भाग किंवा दौंड-इंदापूरची कालव्याबाहेरची रानं घ्या, इथला शाळू मातीत मुरलेल्या ओलीवर येतो. ऑक्टोबर सरला की बहुतेक वर्षी त्याला वरून थेंब मिळत नाही. म्हणून पाऊस किती पडला यापेक्षा रानात किती राहिला, हे बघायची सवय आम्हाला लावून घ्यावी लागली.

पावसाची तऱ्हा बदलली आहे. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्या वर्षी जिल्ह्यातले पाच तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्याआधी 14 ऑक्टोबर 2020 ला एका रात्रीत एवढा कोसळला की नुकत्या पेरलेल्या रानांची दलदल झाली. 2025 ला तर मे महिन्यातच बारामती-इंदापूर भागात शेतात पाणी उभं राहिलं, बांधबंदिस्ती करायची होती त्याच्या आधीच. मधला खंड लांबतो आणि येतो तो तडाख्याने येतो. त्यामुळे जो एखादा मोठा पाऊस पडेल त्याच्या आधी रान तयार हवं. खालची सगळी कामं त्यासाठीच.

पहिलं काम मातीची खोली मोजण्याचं. उन्हाळ्यात रानात तीन ठिकाणी, म्हणजे वरच्या अंगाला, मध्ये आणि खाली, मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्यायचे. एकाच दोन एकरांत वर 30 सेंटिमीटरवर मुरूम आणि खाली 80 सेंटिमीटरपर्यंत काळी माती, असं आमच्याकडे सर्रास सापडतं. वाण त्यावर ठरतं. 30 सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माऊली, 60 पर्यंतच्या मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1, त्याहून खोल असेल तर फुले वसुधा. मालदांडीची भाकरी आणि कडबा दोन्ही गोड, म्हणून लोक हलक्या रानातही तीच टाकतात. मग डिसेंबरात ओल संपते, कणसं निसवायला, म्हणजे बाहेर पडायला, लागतात आणि अर्ध्या कणसात दाणाच भरत नाही. दोष वाणाला लागतो. वरच्या तुकड्यात अनुराधा आणि खालच्यात सुचित्रा टाकली की पेरताना पिशवी बदलायची तेवढी कटकट होते.

मार्च-एप्रिलमध्ये नांगरट, मग ढेकळं फोडायला कुळवाच्या दोन पाळ्या. त्यानंतर नवं काही करण्याआधी जुने बांध आणि जास्तीचं पाणी काढून देणारे सांडवे दुरुस्त करायचे, कारण मुख्य बांध फुटला तर आतली सगळी मेहनत वाहून जाते. मग जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात कप्पे पाडायचे, म्हणजे चारी बाजूंनी वरंबे घालून रानाचे चौकोन करायचे.

कप्प्यांचं माप उतारावरून धरायचं. शेकडा एक उतार असेल, म्हणजे 100 मीटरला एक मीटर, तर आम्ही 6 × 6 मीटरचे कप्पे घेतो. वरंबे 15 ते 20 सेंटिमीटर उंच ठेवतो. ट्रॅक्टरच्या सारायंत्राने आधी उताराला आडवे वरंबे ओढायचे, मग उभे. दोन्ही जिथं एकमेकांना छेदतात तिथं यंत्र आधीचा वरंबा मोडून जातं. तो कोपरा फावड्याने भरून पायाने दाबावाच लागतो. एकरात असे साधारण 110 कप्पे होतात. कोपरे दाबायला दोन माणसांचा एक दिवस जातो आणि नेमकं हेच काम टाळलं जातं.

हिशोब असा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला चार हजार लिटर पाणी. 50 मिलिमीटरचा तडाखा म्हणजे दोन लाख लिटर. उघड्या उताराच्या रानातून त्यातलं निम्मं जरी वाहून गेलं तरी दहा हजार लिटरचे दहा टँकर ओढ्याला गेले. 6 मीटरच्या कप्प्यात शेकडा एक उताराला खालच्या वरंब्यापाशी 15 सेंटिमीटर पाणी उभं राहिलं, तर वरच्या वरंब्यापाशी 9 राहतं. सरासरी 12 सेंटिमीटर, म्हणजे एका कप्प्यात चार हजार लिटरच्या वर. उतार शेकडा दोन झाला की त्याच कप्प्यात वरच्या अंगाला जेमतेम 3 सेंटिमीटर आणि सगळा भार खालच्या वरंब्यावर. म्हणून उतार वाढला की कप्पा लहान करायचा, वरंबा उंच करत बसायचं नाही.

कप्पे फुटतात ते बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यात. एक फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, त्याचं त्याच्या खालच्यावर, आणि तासाभरात रानात वरपासून खालपर्यंत घळ पडते. म्हणून दर चार-पाच ओळींनंतर एक आडवा वरंबा जाड ठेवायचा आणि त्याच्या एका टोकाला हराळीचा सांडवा सोडायचा. जास्तीचं पाणी तिथून गढूळ न होता निघतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन फेरी मारायची, उंदरांची बिळं आणि खचलेले कोपरे त्याच दिवशी बुजवायचे.

दुसरा त्रास तणाचा. कप्पे पाडले की कुळव चालत नाही आणि ऑगस्टात रान हिरवंगार दिसतं. ते हिरवं म्हणजे आपली ओल पिणारं गिऱ्हाईक. फुलोऱ्याच्या आधी एकदा खुरपून काढायचं, तण तिथंच पालथं टाकायचं. मूग-उडीद घेऊन मग शाळू पेरावा असा मोह होतो. पाऊस वेळेवर आणि रान खोल असेल तर ते जमतं. मध्यम रानात आम्ही खरीप पडच ठेवतो. घरासाठी बाजरी लागते, तिला वेगळा तुकडा, त्यात दोन ओळींनंतर एक ओळ तुरीची.

पाऊस मोजायला महसूल मंडळाच्या यंत्रावर विसंबू नये. ते दहा किलोमीटरवर असतं आणि आमच्याकडे एका शिवारात पडतो तेव्हा दुसऱ्यात धूळ उडते. प्लास्टिकचं साधं पर्जन्यमापक बांधापासून दूर, झाडाच्या सावलीबाहेर खांबावर लावायचं आणि रोज सकाळी साडेआठला वाचायचं. पुण्याच्या हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो बघून पुढच्या पाच दिवसांतली कामं ठरवायची.

आता ओल किती खोल गेली ते बघायच्या गजाची गोष्ट. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, उत्तरा नक्षत्र लागलं की, 12 मिलिमीटर जाडीचा, मीटरभर लांब लोखंडी गज घ्यायचा. वर आडवी मूठ वेल्डिंग करून, खाली टोक बोथट गोल. अणकुचीदार टोक कोरड्या मातीतही घुसतं आणि फसवतं. ओल्या काळ्या मातीत गज दोन हातांच्या दाबाने लोण्यासारखा जातो, कोरडा थर आला की अडतो. मुरमाला टेकला तर खर्र असा आवाज येतो आणि मूठ हाताला कंप देते. ते अडणं वेगळं, कोरड्या मातीचं वेगळं, हे चार-पाच वेळा केलं की हाताला कळतं. एकरात दहा ठिकाणी टोचायचं, वरंब्यावर नाही तर कप्प्याच्या मधोमध.

गज 60 सेंटिमीटर गेला तर आम्ही 45 × 15 सेंटिमीटरवर पेरतो, एकरी साठ हजारांच्या आसपास ताटं. 45 पर्यंतच गेला तर विरळणी करताना दोन ताटांतलं अंतर 20 सेंटिमीटर ठेवतो, म्हणजे ताटं 45 हजार. ताटं कमी झाली की एकेकाच्या वाट्याला ओल जास्त येते. 30 च्या आतच अडला तर हस्त नक्षत्राच्या पावसाची वाट बघतो. 15 ऑक्टोबरपर्यंतही पाऊस नाही झाला तर धान्याची आशा सोडून दाट चारा. हा आमच्या रानाचा अंदाज आहे, चुनखडीच्या किंवा चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट झालेल्या, रानात आकडे बदलतील.

पेरणीचा काळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. एकरी चार किलो बियाणं. काणी या बुरशीच्या रोगासाठी किलोला 4 ग्रॅम गंधक, 300 मेशची भुकटी. खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम 30 एफएस किलोला 10 मिली. सावलीत सुकवून शेवटी ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, किलोला प्रत्येकी 25 ग्रॅम. हा क्रम उलटा केला तर औषधाने जिवाणू मरतात आणि पैसे वाया. मध्यम रानाला एकरी 35 किलो युरिया आणि 50 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, सगळं पेरतानाच. जिरायतात नंतर वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीवर पडून राहतो.

दोन चाड्याची पाभर, म्हणजे पेरणीचं बैलाचं औत, इथं उपयोगाची: खत खाली आणि बी त्याच्या वर, ओल्या थरात 5 ते 7 सेंटिमीटरवर. बैल आता मोजक्यांकडेच, म्हणून बरेच जण ट्रॅक्टरने पेरतात. त्यात दोन गोष्टी चुकतात. चाकाखालचं रान दबतं आणि त्या दोन ओळींत उगवण मागे पडते, आणि खोली एकसारखी राहत नाही. पहिल्या वीस पावलांनंतर ट्रॅक्टर थांबवून बोटाने ओळ उकरायची. बी कोरड्या मातीत दिसलं तर फण खाली घ्यायचा, चालक कितीही घाईत असला तरी.

पेरल्यावर उगवणीआधी जोराचा पाऊस झाला तर वर पापडी धरते आणि कोंब आतच वाकडा होऊन मरतो. वाफसा आल्याबरोबर, म्हणजे चिखल जाऊन रानात काम करता येऊ लागलं की, बोराटीची फांदी किंवा हलका दातेरी कुळव उथळ फिरवायचा. चौथ्या दिवसापर्यंत हे जमलं तर वाचतं. नाही तर दुबार पेरणी, आणि त्या आठवड्यात दुकानात हवं ते वाण मिळत नाही.

विरळणी दहा-बारा दिवसांनी. खोडमाशीने पोंगा (मधला कोंब) मेलेली रोपं तेव्हाच उपटून काढायची. पेरणीला जितका उशीर तितकी माशी जास्त.

यापुढचं सगळं पीक कोळप्यावर, म्हणजे ओळींमधली माती हलवायच्या औजारावर, आहे. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात अखंड पासाच्या कोळप्याने, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. तिसरी लोक सोडतात, कारण तोवर तण नसतं. पण ती तणासाठी नसतेच. नोव्हेंबर अखेरीस काळं रान भेगाळतं, भेगेत बोट सहज जातं आणि खालची ओल तिथून उडते. दातेरी कोळपं भेगांत भुसभुशीत माती ढकलतं. पीक कमरेएवढं झालेलं असतं, ट्रॅक्टर आत जात नाही, म्हणून सायकल कोळपं वापरतो. एका माणसाला एकराला दोन दिवस. आच्छादनाची शिफारस एकरी दोन टनांची आहे. बाजरीचं सरमाड जनावरांच्या तोंडचं काढून रानात कोण पसरणार? बागायती भागातून उसाचं पाचट आणता आलं तर ओळींमध्ये टाकायचं, पाच आठवड्यांच्या आत, म्हणजे पुढची कोळपणी करावी लागत नाही.

एकच पाणी देता येत असेल तर ते पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानांच्या आत असताना, 50 ते 55 दिवसांनी. 15 × 15 × 3 मीटरच्या शेततळ्यात, बाजूंना एकास एक उतार धरला तर, काठोकाठ चार लाख चाळीस हजार लिटर मावतात. नोव्हेंबरपर्यंत त्यातलं बरंच उडतं, प्लास्टिकचा कागद नसेल तर जिरतंही. एक ओळ सोडून एक सरी भिजवली तर उरलेल्यात एकर-दीड एकर निघतो. फुलोऱ्यानंतर ओल तुटली आणि ऊन वाढलं की खडखड्या रोग येतो. ताटाचा खालचा भाग पोकळ होतो आणि शाळू आडवा पडतो. त्याला फवारणी नाही. विरळ ताटं, भेगा बुजवणं आणि ते एक पाणी, एवढाच इलाज.

एक धोका जनावरांचा. ओलीच्या ताणावर असलेली कोवळी ज्वारी, किंवा कापल्यावर फुटलेले धुमारे जनावराने खाल्ले की किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते. पीक वाळून चाललंय म्हणून हिरवंच कापून दावणीला टाकू नये. चांगलं वाळवून दिलं तर विष उतरतं. जनावर अडखळायला लागलं, तोंडाला फेस आला तर घरगुती उपाय करत न बसता पशुवैद्य बोलवायचा.

पाखरांचं गणित वेगळंच. सगळ्या शिवाराने शाळू पेरला की भोरड्यांचे थवे विभागले जातात, एकट्याचाच तुकडा असेल तर सगळे तिथं. शेजारच्या दोघांना आधीच पेरायला राजी करणं गोफणीपेक्षा स्वस्त. जानेवारीत पुण्याहून हुरड्याला येणारे पाहुणे हाही थवाच, पण त्यांच्यासाठी गुळभेंडीच्या चार ओळी कडेला टाकता येतात.

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की काढणी. ताटं उपटून चार-पाच दिवस रानात वाळवायची, मग कणसं मोडायची. चांगल्या ओलीच्या वर्षी आम्हाला एकरी चार-पाच क्विंटल आणि कडबा मिळतो. पाच माणसांच्या घराला रोज किलोभर पीठ धरलं तर वर्षाला साडेतीन क्विंटलच्या वर दाणा लागतो. म्हणजे एका एकरात घर निघतं, विकायला फार उरत नाही. कोठीत भरण्याआधी दाणा दातांखाली कट्‌कन फुटला पाहिजे. चेपला तर आणखी दोन उन्हं द्यायची.

मोडणीच्या आधी रानाच्या मधल्या भागातून, बांधापासून आत, भरदार, न पडलेल्या ताटांची कणसं वेगळी काढायची. एकराला दहा किलो बी ठेवतो: चार पेरायला, चार दुबार पेरणी आली तर, आणि उरलेल्या दोनांतले शंभर दाणे ऑगस्टात ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायला. शंभरातले पंच्याहत्तरच्या खाली उगवले तर तेव्हाच नवं बियाणं आणायला वेळ असतो.