कॅम असताना जी-कोड कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

मुंबईत साकीनाक्याच्या आमच्या यंत्रकामाच्या गाळ्यात आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुले कामाची चौकशी करायला येतात. सोबत कधी वडील असतात, कधी मामा. बोलणे संपत आले की एक प्रश्न हमखास येतो : हल्ली कॅम सॉफ्टवेअर संगणकातल्या चित्रावरून मशिनचा सगळा प्रोग्रॅम आपोआप काढून देते, मग हाताने जी-कोड, म्हणजे मशिनला हालचाली सांगणाऱ्या आज्ञा, लिहायला शिकायचे कशाला, आणि शिकायचेच असेल तर सुरुवात कुठून करायची? दारात उभ्या उभ्या याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे लिहीत आहे.

माझे मत स्पष्ट आहे. हाताने शिकावे, आणि आधी लेथवर, म्हणजे जॉब (कापायचा माल) फिरवून कापणाऱ्या मशिनवर, शिकावे. साच्याचे वळणावळणाचे पृष्ठभाग व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशिनवर) कापायचे असतील तर कॅमला पर्याय नाही, तिथे हजारो ओळी कोणी हाताने लिहीत बसणार नाही. पण कॅमने काढलेला प्रोग्रॅमही शेवटी मशिनच्या पडद्यावर कोडच्याच रूपात येतो, आणि रात्रपाळीत टूल जॉबजवळ येऊन भलतीकडे वळू लागले तर पुढची ओळ काय करणार आहे हे वाचून थांबवणारा माणूस तिथे लागतो. सॉफ्टवेअरला चकमधला (जॉब पकडणाऱ्या जबड्यांमधला) जॉब किती बाहेर आला आहे हे दिसत नसते.

कोडची भाषा इतकी तुटक का, असे मुलांना वाटते. ती कागदी पट्टीवर भोके पाडून मशिनला सूचना देण्याच्या काळातली आहे. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवरून अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले अंकीय नियंत्रणाचे मिलिंग मशिन १९५२ साली लोकांसमोर आले, तेव्हापासून बरीच वर्षे पट्टी हाच प्रोग्रॅम होता. आजही प्रोग्रॅमच्या आरंभी आणि शेवटी जे टक्क्याचे चिन्ह असते ते त्या पट्टीचीच खूण आहे, आणि एम३० या शेवटच्या आज्ञेचा मूळ अर्थ प्रोग्रॅम संपवून पट्टी मागे गुंडाळणे असा होता. पट्टी गेली, सवय राहिली.

मूळ शब्दसंग्रह अगदी थोडा आहे. जी०० म्हणजे न कापता वेगाने जाणे, जी०१ म्हणजे दिलेल्या फीडने (टूल सरकण्याच्या वेगाने) सरळ रेषेत कापणे, जी०२ आणि जी०३ म्हणजे घड्याळाच्या दिशेने आणि उलट दिशेने कंस. एम०३ने स्पिंडल सुरू होतो, एम०५ने थांबतो, एम०८ आणि एम०९ कूलंटसाठी. एक्स आणि झेड ही जागा, एफ हा फीड, एस हा स्पिंडलचा वेग, टी हा टूल. एवढ्यावर साध्या शाफ्टचा प्रोग्रॅम होतो आणि हे पाठ करायला आठवडासुद्धा लागत नाही. अडते ते पाठांतरात नव्हे, तर मशिन आत्ता कोणत्या अवस्थेत आहे आणि त्याचा शून्य कुठे आहे, या दोन गोष्टींत.

आधी अवस्था पाहू. बहुतेक जी-कोड एकदा दिले की त्याच गटातला दुसरा कोड येईपर्यंत चालू राहतात. फॅनुक कंपनीचा कंट्रोल (मशिन चालवणारा संगणक) असलेल्या लेथवर जी९९ चालू असताना एफ०.२ याचा अर्थ स्पिंडलच्या एका फेऱ्यामागे ०.२ मिलिमीटर असा होतो. तोच आकडा जी९८मध्ये मिनिटाला ०.२ मिलिमीटर होतो आणि टूल हलताना दिसतही नाही. उलट, जी९९ चालू असताना कोणी मिनिटाच्या हिशेबाने एफ१५० लिहिले, तर मशिन एका फेऱ्यात १५० मिलिमीटर जाण्याचा प्रयत्न करेल. म्हणून आधीच्या प्रोग्रॅमने मशिन कोणत्या अवस्थेत सोडले आहे यावर विसंबू नये. एकक, फीडची रीत आणि कॉम्पेन्सेशन (टूलच्या टोकाच्या गोलाईची भरपाई) बंद करणारा जी४० या गोष्टी पहिल्याच ओळीत लिहाव्यात. यात आणखी एक फसवे वळण आहे. व्हीएमसीवर जी९० म्हणजे मूळ शून्यापासून मोजलेली मापे, पण फॅनुकच्या नेहमीच्या लेथवर जी९० ही टर्निंगची सायकल (एका आज्ञेत होणारा हालचालींचा ठरलेला क्रम) आहे. तिथे शून्यापासूनच्या मापांसाठी एक्स-झेड आणि आहे तिथून पुढच्या सरकण्यासाठी यू-डब्ल्यू ही अक्षरे वापरतात. मिलिंगचा प्रोग्रॅम पाहून लेथचा लिहायला गेलेला मुलगा इथे हटकून अडखळतो.

दशांश चिन्हाचेही असेच आहे. कंट्रोलची मांडणी तशी केलेली असेल तर एक्स१०० म्हणजे शंभर मिलिमीटर न समजता मशिन ते शंभर मायक्रॉन, म्हणजे ०.१ मिलिमीटर, असे समजते. मी तर पूर्ण आकड्यापुढेही टिंब दिल्याखेरीज ओळ पुरी झाली असे मानत नाही.

आता शून्य. लेथवर एक्सचा शून्य स्पिंडलच्या अक्षावर असतो आणि झेडचा शून्य आपण साधारणपणे तयार जॉबच्या पुढच्या तोंडावर घेतो, त्यामुळे चककडची सगळी मापे उणे येतात. एक्सचे माप व्यासाचे असते : एक्स ५०.० वरून ४६.० झाला की टूल २ मिलिमीटरच आत गेलेले असते. समजा, ५० मिलिमीटरच्या सळईवर ३० मिलिमीटर लांबीपर्यंत ४० व्यास करायचा आहे. टूल आधी एक्स५४.० झेड२.० वर आणायचे, मग ४६.०, ४२.० आणि ४०.५ असे तीन रफ कट घेऊन एका बाजूचा शेवटचा पाव मिलिमीटर फिनिशिंगला ठेवायचा. एका कटाच्या ओळी अशा होतात :

जी०० एक्स४६.०
जी०१ झेड-३०.० एफ०.२
जी०१ एक्स५४.०
जी०० झेड२.०

तिसरी ओळ अनेकांना फालतू वाटते. टूल थेट मागे का आणू नये? आणता येते, पण कापलेल्या पृष्ठभागावर घासत येते. वेगाच्या चालीत दोन्ही अक्ष एका ओळीत दिले, तर पुष्कळ मशिनांवर प्रत्येक अक्ष आपापल्या कमाल वेगाने धावतो आणि ज्याचे अंतर कमी तो आधी पोहोचतो. म्हणून वाट सरळ न राहता मोडकी होते, आणि त्या मोडीत चकचा जबडा किंवा जॉबचा खांदा येऊ शकतो. बाहेरच्या टर्निंगमध्ये आधी एक्सने बाहेर यावे, मग झेडने मागे. बोअरच्या आतून निघताना मात्र आधी भिंतीपासून किंचित सुटून झेडने सरळ बाहेर यावे, नाहीतर टूलची मागची बाजू भिंतीला लागते. रफ कटांच्या एवढ्या ओळी जी७१ सायकल दोन ओळींत करून देते हे खरे, पण ती सायकल आत काय करते हे या चार ओळी लिहिल्याशिवाय समजत नाही.

जॉबच्या पुढच्या कडेला १ मिलिमीटरचा ४५ अंशांचा चॅम्फर (कडेचा तिरपा काप) असेल, तर नवशिका एक्स३९.० पासून सुरुवात करतो. व्यास दोन्ही बाजूंनी कमी होतो, म्हणून सुरुवात एक्स३८.० झेड०.० पासून करून एक्स४०.० झेड-१.० पर्यंत जायला हवे. ते दुरुस्त केल्यावरही चॅम्फर लहानच येतो, आणि इथे मुले खरोखर चक्रावतात. कारण इन्सर्टचे (टूलवर बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याचे) टोक बिंदू नसून गोलाई असते. ही गोलाई ०.८ मिलिमीटर असेल आणि कॉम्पेन्सेशन दिलेले नसेल, तर व्यास व तोंड बरोबर येतात, पण तिरप्या रेषेवर माल शिल्लक राहतो आणि १ मिलिमीटरचा चॅम्फर जेमतेम अर्धा मिलिमीटर उतरतो. यासाठी जी४२ द्यायचा, शिवाय ऑफसेटच्या पानावर (टूलची मापे भरायच्या पडद्यावर) गोलाई आणि टिपचा, म्हणजे टोकाच्या दिशेचा, क्रमांक, बाहेरच्या टर्निंगच्या नेहमीच्या टूलसाठी ३, भरायचा. पान रिकामे असेल तर जी४२ लिहून काही उपयोग नाही.

स्पिंडलच्या वेगाचा हिशेब शाळेतल्या गणिताचाच आहे : कापण्याचा वेग मीटरमध्ये घेऊन हजाराने गुणायचा आणि पाय गुणिले व्यासाने भागायचे. मिनिटाला १८० मीटर वेग ठेवला तर ५० व्यासावर सुमारे ११४६ फेरे येतात. जी९६ दिला की व्यास बदलेल तसा हा हिशेब कंट्रोल स्वतः करतो. सोय मोठी आहे, पण फेसिंग करताना, म्हणजे तोंड सपाट कापताना, टूल मध्याकडे जाते, तेव्हा ५ व्यासावर हाच आकडा ११ हजारांच्या पुढे जातो आणि मध्यावर त्याला अंतच नसतो. वेग वाढतो तशी चकची पकड सैल होते. म्हणून जी९६च्या आधी जी५० एस२००० अशी मर्यादा लिहिलेली नसेल, तर मी तो प्रोग्रॅम चालवू देत नाही, मग तो कोणीही लिहिलेला असो.

मापाची दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये करू नये, हा माझा दुसरा हट्ट. ड्रॉइंगवर ४० एच७ (लहान एच, म्हणजे h7) शाफ्ट असेल तर माप ३९.९७५ ते ४०.००० मध्ये हवे. मायक्रोमीटरवर ४०.०२ आले तर वेअर ऑफसेटमध्ये (झिजेची दुरुस्ती भरायच्या रकान्यात) एक्सला उणे ०.०३ द्यायचे, पुढचा जॉब ३९.९९च्या आसपास येतो. प्रोग्रॅम ड्रॉइंगशी बांधलेला असावा आणि इन्सर्टची झीज ऑफसेटने सांभाळावी. प्रोग्रॅममधलाच आकडा बदलला तर इन्सर्ट पालटल्यावर पुढच्या पाळीतल्या माणसाला कशाचाच मेळ लागत नाही. मुंबईत सकाळी गाळा उघडल्यावर पहिले काही जॉब आणि मशिन तापल्यानंतरचे जॉब यांच्या मापात फरक पडतो, तोही याच पानावर निस्तरायचा असतो.

सुरुवातीला मशिन नसले तरी चालते. चौकटीची वही घ्यावी, शाफ्टचे चित्र काढावे, प्रत्येक कोपऱ्याचे एक्स-झेड लिहावे, आणि मग आपलाच प्रोग्रॅम दुसऱ्याला वाचायला लावून त्याच्याकडून पेन्सिलीने टूलची वाट काढून घ्यावी. मायक्रोमीटर वाचता येत नसेल तर आधी ते शिकावे. नागदेवी स्ट्रीटवर साधे साधन मिळून जाते. शिकण्यासाठी सरकारी आयटीआय आहेत, चुनाभट्टीची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. क्लास निवडताना एवढेच विचारावे, की मशिनवर टूल ऑफसेट स्वतःच्या हाताने घेऊ देणार का. मशिनवर पहिल्यांदा उभे राहाल तेव्हा सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ चालवणे) चालू ठेवावा, वेगाच्या चालीची टक्केवारी अगदी खाली आणावी, आणि पडद्यावरचे उरलेले अंतर व डोळ्यांना दिसणारे अंतर जुळते का हे पाहूनच पुढच्या ओळीचे बटण दाबावे.

फॅनुक आधी शिकावे की सीमेन्स (दुसऱ्या कंपनीचा कंट्रोल), हा त्याला जोडून येणारा प्रश्न. ज्या गाळ्यात काम मिळेल तिथे जे असेल ते. सीमेन्सवर फेऱ्यामागचा फीड जी९५ने आणि मिनिटामागचा जी९४ने देतात, स्पिंडलच्या वेगाची मर्यादा लिम्स (LIMS) लिहून घालतात. बाकी जी००, जी०१ आणि एक्स-झेडचा विचार तोच राहतो. मशिनसोबत आलेले मॅन्युअल बहुधा कपाटात प्लॅस्टिकमध्येच असते; ते मालकाकडून मागून घ्यावे.